पुजारीची वही वीस वर्षांनी त्याच्या आईकडे न्यावी का?

सायकलस्वार

माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, तपकिरी कव्हरची, कोपरे वळलेली. ती माझी नाही. ज्याची आहे तो डिसेंबर २००४ मध्ये गेला. बावीस वर्षांचा होता. ब्लड कॅन्सर. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून इथे त्याचं नाव लिहीत नाही. वर्गात सगळे त्याला पुजारी म्हणायचे, तेच वापरतो.

पुजारी हे नाव पडलं ते या वहीमुळेच. शाळा सदाशिव पेठेत. पुण्यातल्या देवांना अशी नावं का पडली, हे नववीच्या सुट्टीत त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, उंटाड्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती, खुन्या मुरलीधर. आपण ही नावं नुसता पत्ता सांगायला वापरतो. त्याला तेवढ्यावर राहवायचं नाही. दर रविवारी सकाळी सायकली काढायच्या आणि एक देव गाठायचा. वहीत एका पानावर एक देव. वर नाव आणि पेठ, खाली तारीख, घरून निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, आणि नावाची गोष्ट कुणी सांगितली ते. "समोरचे फुलवाले", "ओट्यावरच्या आजी", "गुरव, घाईत होते". दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या. कुठली खरी ते ठरवायचं नाही.

एक नियम मात्र कडक होता. जाऊन आल्याशिवाय लिहायचं नाही. मी एकदा पुस्तकात वाचून त्याला काही सांगायला गेलो, तर म्हणाला, आधी जाऊन येऊ.

बटाट्या मारुतीचं पान समोर आहे, तसंच उतरवतो: "पूर्वी मंडई शनिवारवाड्याच्या समोर भरायची. बटाट्याचे ढीग इथे लागत. १८८६ ला मंडई आताच्या जागी गेली. मारुती गेला नाही." उपाशी विठोबाच्या पानावर खाली बारीक अक्षरात आहे: "सव्वाबारा वाजले. आम्हीही."

सत्तावीस पानं भरलेली आहेत. अठ्ठाविसाव्यावर नुसतं वर लिहिलंय, "डुल्या मारुती, गणेश पेठ". खाली काही नाही.

ही वही त्याने मला हॉस्पिटलमध्ये दिली, नोव्हेंबरात. म्हणाला, तुझ्याकडे ठेव, इथे सगळं हरवतं. परत न्यायची राहिली. हरवली होती, आता सापडली, असं काही नाही. वीस वर्षं ती कुठे आहे हे मला रोज माहीत होतं.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगतो. मी त्याला दोनदा प्लेटलेट दिल्या. एका हातात सुई, रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट वेगळ्या होतात आणि बाकीचं परत अंगात येतं. दीड-दोन तास. ओठांना मुंग्या येतात, मग सिस्टर कॅल्शियमची गोळी चघळायला देते. वर टांगलेली पिशवी वरणाच्या निवळीच्या रंगाची. मी तिच्याकडे बघत बसायचो आणि मला बरं वाटायचं, आपण काहीतरी करतोय म्हणून. तिसऱ्या वेळी त्याच्या बाबांचा फोन आला. माझी पहिली नोकरी, लागून तीन आठवडे झाले होते. मी म्हटलं, काका, परवा नक्की येतो. तो दुसऱ्या दिवशी रात्री गेला.

वैकुंठ स्मशानभूमीत गेलो, तेराव्याला गेलो. त्यानंतर त्या घराची पायरी चढलो नाही.

मागच्या महिन्यात मंडईत काकू दिसल्या. गवार घेत होत्या, एकेक शेंग मोडून कोवळी आहे का बघत होत्या. केस पूर्ण पांढरे. मी पाठ फिरवून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो. त्या रात्रीपासून झोप नीट नाही.

वही घेऊन जाऊ का? इतक्या वर्षांनी गेलं तर त्यांना त्रास होईल का? जावं तर कसं? ज्यांना अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

मोगरा

वाचून डोळे भरले. जा. फोन करून जा, एवढंच म्हणेन.

कसबेकर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझा मावसभाऊ तरुणपणी गेला. दहा वर्षांनी त्याच्या मित्रांनी मोठ्या प्रेमाने फोटोंचा अल्बम करून मावशीला दिला. ती दोन दिवस जेवली नाही, बीपी वाढलं, डॉक्टर घरी बोलवावे लागले. माणसं कशीबशी सावरलेली असतात. वीस वर्षांनी खपली कशाला काढायची? तुमच्या मनावर ओझं आहे हे कळतं, पण ते उतरवण्यासाठी त्या माउलीच्या दारात जाऊ नका. वही जपून ठेवा, तुमच्या मुलांना दाखवा.

प्राजक्त

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

माझी मुलगी २०११ साली गेली. एकोणीस वर्षांची होती. दुचाकीचा अपघात. त्यामुळे हा प्रश्न मला दाराच्या आतल्या बाजूने माहीत आहे.

कसबेकर, तुमच्या मावशी जेवल्या नाहीत हे खरंच असणार. मीही कितीदा जेवलेली नाही. पण ते अल्बममुळे होतं असं मला वाटत नाही. दुःख तिथेच असतं. अल्बम आला तर निदान त्या दिवशी ते एकटीने करावं लागत नाही.

लोकांना वाटतं, नाव काढलं तर आईला आठवण होईल. आम्ही विसरलेलो नसतोच, मग आठवण कसली करून देणार? त्रास होतो तो कुणीच नाव घेत नाही त्याचा. घरात लग्नकार्य असतं, सगळे जमतात, तिच्या वयाच्या मुली मुलं कडेवर घेऊन येतात, आणि माझ्यासमोर तिचा विषय निघाला की एकदम गॅस, पाऊस, ट्रॅफिक. सगळे चांगल्या मनाने करतात. मला मात्र वाटतं, ती कधी नव्हतीच की काय.

आणखी एक. आईकडे मुलाच्या घरातल्या आठवणी असतात. शाळेच्या रस्त्यावरचा, मित्रांमधला मुलगा तिला माहीतच नसतो. आठवीत माझ्या लेकीने वर्गात पैज लावून सलग सात बटाटेवडे खाल्ले होते. हे मला ती गेल्यावर सहा वर्षांनी तिच्या मैत्रिणीने सांगितलं. त्या दिवशी मला माझी मुलगी थोडी जास्त मिळाली. नवीन मिळाली. आता तिच्याबद्दल नवीन काही घडणार नाही, तेव्हा जे घडून गेलंय आणि मला ठाऊक नाही तेवढंच नवीन उरलंय. ते तुमच्यासारख्यांकडे असतं, आणि तुम्ही ते खपलीच्या भीतीने घेऊन बसता.

आता कसं जायचं. आधी फोन करा, अचानक जाऊ नका. वाढदिवसाला किंवा तिथीला पहिल्यांदा जाऊ नका, त्या दिवशी घर आपलं आपण सांभाळत असतं. एकटे जा, आठ-दहा जण मिळून नको. फोनवरच सांगा की वही आहे आणि ती घेऊन येताय, म्हणजे त्यांना मनाची तयारी करता येईल, नको असेल तर नको म्हणता येईल. "देवाला चांगली माणसं आवडतात" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या रडल्या तर घाईने पाणी आणायला उठू नका, बसून राहा. आणि प्लेटलेटचं पहिल्या भेटीत सांगू नका. त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका, पण तुमची माफी त्यांच्याकडून मागून घ्यायला जाऊ नका. एवढ्यापुरतं कसबेकरांचं म्हणणं मला पटतं.

निळी_शाई

प्राजक्तताई, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून ठेवली. आमच्या शेजारी असंच एक घर आहे. चार वर्षं मी त्यांच्याशी पाऊस आणि ट्रॅफिकच बोलतेय.

पांढऱ्या_पेशी

मी रक्तपेढीत डॉक्टर आहे. सायकलस्वार, तिसऱ्या पिशवीबद्दल लिहायचं आहे. तुमच्या मित्राचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल निदान करत नाही. सर्वसाधारण जे असतं ते सांगतो.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारात, हाडांतली मज्जा त्या बनवेनाशी होते, केमोने आणखी खाली जातात. आकडा दहा हजारांच्या खाली गेला की आपोआप रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून पिशवी चढवतात. पण चढवलेल्या प्लेटलेट शरीरात थोडेच दिवस टिकतात. शिवाय बऱ्याच पिशव्या घेतलेल्या काही रुग्णांत शरीर परक्या प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि मग कितीही द्या, आकडा हलत नाही. या रुग्णांचा जीव अनेकदा जंतुसंसर्गाने जातो, कारण लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच शिल्लक नसतात. त्यावर प्लेटलेटचा उपयोग नसतो.

आणखी एक बाजू. पिशवी वीस ते चोवीस अंश तापमानाला सतत हलती ठेवावी लागते आणि पाच दिवसच चालते, म्हणून नातेवाइकांना एका वेळी अनेक दात्यांची यादी करायला सांगतात. काकांनी त्या दिवशी फक्त तुम्हालाच फोन केला असेल असं मला वाटत नाही. एका मुलाच्या "परवा"वर माणूस जगत किंवा मरत नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून लिहीत नाही, हे माझं रोजचं काम आहे.

इथे वाचणाऱ्यांसाठी: वय अठरा ते साठ, वजन पन्नास किलोच्या वर, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसेल, तर प्लेटलेट देता येतात. दोन वेळांमध्ये किमान ४८ तास हवेत, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा, वर्षात २४ वेळा. जवळच्या रक्तपेढीत नाव आणि गट नोंदवून ठेवा.

दूरदेशी

थांबा. तुकडी फ? १९९८ ची दहावी?

मी तिसऱ्या रांगेतला, जाड चष्मेवाला. तेव्हापासून देशाबाहेर आहे. पुजारी गेला हे मला २००७ ला कळलं, तेही लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कुणीतरी सहज म्हणालं. मी पानावरून उठू शकलो नाही, बसून राहिलो.

एक आठवण माझ्याकडेही आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्याला निवडुंग्या विठोबाचं पान लिहायचं होतं आणि त्या गर्दीतच जायचं होतं, म्हणून मला ओढून नेलं. तिथे एक वारकरी आजोबा पाय पसरून बसले होते, टाचेला मोठी भेग. पुजारीने दप्तरातून डबा काढला. त्यात पोळीवर तूप होतं. बोटाने तूप काढून त्याने आजोबांच्या टाचेला लावलं. आजोबा म्हणाले, अरे, खायचं ते. हा म्हणाला, पोळी आहे की. मग दोघांनी ती कोरडी पोळी अर्धी अर्धी खाल्ली. मला दिली नाही, हे तेव्हा लक्षात राहिलं होतं. मूर्ती निवडुंगाच्या काट्यांत सापडली म्हणून हे नाव, हे त्या आजोबांनीच सांगितलं. वहीत बघ बरं, तसं लिहिलंय का?

सायकलस्वार

बघितलं. "सांगणारे: वारकरी आजोबा, गाव सांगितलं नाही. पोळी खाल्ली." ही पोळी कुठली ते मला आज कळलं.

डॉक्टर, तुमचं चार वेळा वाचलं. उत्तर काय लिहू कळत नाही. आभार.

कंपासपेटी

मी पण फ. मुलींच्या रांगेतली. आमच्या वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत, जुन्या लोकांना आठवत असेल. पाच वर्षांत पुजारी माझ्याशी एकदाच बोलला. शाळेची सहल निघाली होती आणि बस सोमवार पेठेतून चालली होती. तो मागच्या सीटवरून एकदम पुढे वाकून म्हणाला, "या गल्लीत त्रिशुंड गणपती आहे, त्याच्या भिंतीवर गेंडा कोरलाय. देवळावर गेंडा!" आणि लाल होऊन मागे बसला. बहुतेक कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नसावं, आणि समोर मी होते.

मी तो गेंडा पाहिला लग्नानंतर, २००९ ला, नवऱ्याला घेऊन गेले होते. सोंडा तीन, गेंडा खराच. नवऱ्याला म्हटलं, आमच्या वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं. तो गेलाय हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. आज या धाग्यावर कळलं.

सायकलस्वार, हे काकूंना सांगशील?

कसबेकर

काल रात्री मावशीला फोन केला. अल्बमबद्दल विचारलं. म्हणाली, उशाशी आहे. मला हे माहीत नव्हतं. तरीही सांगतो, फोन करून आणि विचारूनच जा.

सायकलस्वार

आज फोन केला. आकडे दाबताना दोनदा चुकलो. लँडलाइन तोच आहे, पाठ होता. काकूंनी उचलला. मी नाव सांगितलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "बाकावरचा का रे?"

रविवारी सकाळी बोलावलंय.

मोगरा

सगळे वाट बघतोय. सावकाश लिहा.

सायकलस्वार

जाऊन आलो.

पेठेतला वाडा पडला. ते आता कर्वेनगरला राहतात, दुसरा मजला. दार काकांनी उघडलं. काही बोलले नाहीत, माझ्या दंडाला धरून आत नेलं. भिंतीवर त्याचा फोटो आहे, हार नाही. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तसं तो कधीच लावायचा नाही.

काकूंनी पोहे केले होते. मी खाल्ले. प्राजक्तताई, तुम्ही सांगितलं तसं मी गप्प बसायचं ठरवून गेलो होतो, पण काकूच बोलल्या. रागावून नाही, अगदी सरळ. "तेराव्यानंतर तुमच्यापैकी कुणी आलं नाही. पहिली दोन वर्षं मी बेल वाजली की बघायचे. मग मला वाटायला लागलं, याला खरे मित्रच नव्हते की काय. एकटाच फिरायचा की काय सायकलवर."

मी म्हटलं, "काकू, एकटा कधीच नव्हता. मी होतो. दर रविवारी." आणि मग मला पुढे बोलता येईना. त्याही पाणी आणायला उठल्या नाहीत.

वही काढून दिली. त्यांनी आधी कव्हरवरून हात फिरवला, मग उघडली आणि तशीच माझ्याकडे परत केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, बारीक अक्षर दिसत नाही. "वाच," म्हणाल्या. पहिल्या पानापासून वाचलं. तारखा, वेळा, सगळं. "घरून निघालो ७.१०" आलं की त्या म्हणायच्या, "सात दहा कसले, साडेसहालाच माझी दारं वाजवायचा." काका पोहे संपवून गॅलरीत गेले होते. अर्ध्यात मान वर केली तर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. उंटाड्या मारुतीच्या पानावर त्याने मारुतीची उंची आपल्या सायकलच्या मापात लिहिलीय, "दोन सायकली आणि एक सीट". ते ऐकून काका हसले. काकूंनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

दूरदेशी, पोळीचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "तरीच. त्या वर्षी डबा रोज लख्ख यायचा आणि पोरगा घरी येऊन भात मागायचा." कंपासपेटी, गेंड्याचं सांगितलं. तुझं नाव दोनदा विचारून घेतलं आणि तू कुठे राहतेस ते विचारलं. मी नंबर दिलाय, फोन येईल.

प्लेटलेटचं मी काढलं नाही. निघायच्या आधी काकांनीच काढलं. म्हणाले, त्या दिवशी अकरा जणांना फोन केले होते, पिशवी दुपारीच मिळाली होती. "तुला परत फोन करून सांगायचं राहिलं. नंतर सगळं एवढं घाईत झालं." वीस वर्षं त्यांच्याही मनात होतं ते, फोन करायचा राहिला म्हणून.

शेवटी अठ्ठाविसावं पान आलं. मी नाव वाचलं आणि थांबलो. म्हटलं, हे रिकामंच आहे. गणेश पेठेतला डुल्या मारुती. इतके लांबलांबचे गाठले त्याने, उन्हातान्हात, आणि हा कसा राहिला मला कधी कळलं नाही.

काकू म्हणाल्या, "मला कळलं. माझं माहेर तिथलं. त्याचं आजोळ. दर सुट्टीत तिथे असायचा, माझे वडील रोज संध्याकाळी त्याला घेऊन जायचे त्या देवळात. पानिपतावर आपली माणसं पडली तेव्हा मारुती इथे डुलला, ही गोष्ट त्याने त्यांच्या मांडीवर बसून शंभरदा ऐकलीय. घरचाच देव तो. कधीही जाता येईल म्हणून मागे ठेवला असेल."

मग म्हणाल्या, पेन आहे का. मी खिशातलं दिलं. त्यांनी टोपण काढलं, वही मांडीवर घेतली, पान अगदी डोळ्यांजवळ नेलं. थोडा वेळ तशाच बसल्या. मग टोपण लावून पेन वहीत ठेवलं.

"आधी जाऊन येऊ," म्हणाल्या. "येत्या रविवारी ये. रिक्षाने जाऊ, साडेसहाला."